दहा बाय पंधरा

वर्षभर दर आठवड्याला या सदरासाठी मला जेमतेम एक पान मिळते. त्यात विचार मांडायचा म्हणजे लोकलच्या डब्यात सतरंजी पसरण्यासारखे आहे. दिवाळी अंक आला की संपादक उदार होतात आणि चार-पाच पाने मोकळी करून देतात. माणसाला ऐसपैस जागा मिळाली की तो काय करतो? सामान भरतो. मी मात्र यंदा या जागेत एक घर उभे करणार आहे. खरे म्हणजे ते बांधून झाले आहे; तुम्हाला फक्त दाखवायचे आहे. चपला बाहेर काढा आणि डोके सांभाळा. दार जरा बुटके आहे.

घर म्हणजे खोलीच. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. मावळातल्या एका धरणाच्या जलाशयाकाठी आमच्या एका मित्राचे शेत आहे. पाण्याच्या हद्दीपासून बरेच वर, चढावर, आंब्याच्या दोन झाडांखाली. त्या शेताच्या कोपऱ्यात, त्याच्या परवानगीने आणि आमच्या घरातल्यांच्या नाराजीने, मी ही खोली बांधली.

हा किडा डोक्यात शिरला तो एम.ए.च्या वर्षी. दुर्गाबाई भागवतांनी थोरोच्या ‘वॉल्डन’चे मराठीत भाषांतर केले आहे, ‘वॉल्डनकाठी विचार-विहार’ या नावाने. ग्रंथालयातली ती प्रत मी इतक्या वेळा घरी आणली की ग्रंथपालांनी शेवटी विचारले, “हे पुस्तक अभ्यासाला लागलंय का?” लागले नव्हते. मलाच ते लागले होते, उन्हासारखे.

हेन्री डेव्हिड थोरो हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला, कॉन्कॉर्ड गावचा. १८१७ सालचा जन्म. हार्वर्डचा पदवीधर, बापाचा धंदा पेन्सिली बनवण्याचा. १८४२ साली त्याचा थोरला भाऊ जॉन धनुर्वाताने गेला. दोघा भावांनी एकदा होडीतून मोठा प्रवास केला होता, आणि त्या प्रवासावर हेन्रीला पुस्तक लिहायचे होते. त्याला हवा होता एकांत. गावापासून दीडेक मैलावर वॉल्डन नावाचे साठ-बासष्ट एकरांचे तळे आहे. त्याच्या काठची थोडी जमीन इमर्सनने नुकतीच घेतली होती. ती त्याने आपल्या या तरुण मित्राला झोपडी बांधण्यासाठी वापरू दिली. जमीन मित्राची, घर आपले. या बाबतीत तरी मी थोरोच्या पावलावर पाऊल ठेवले, असे म्हणायला हरकत नाही.

१८४५ च्या मार्चअखेर थोरो एक कुऱ्हाड उसनी घेऊन तळ्याकाठी गेला. पाइनची झाडे तोडली. मुख्य खांब सहा इंच चौरस तासले. वाशांची मात्र लागेल तेवढीच बाजू तासली, बाकीची साल तशीच ठेवली. टेकडीच्या उतारावर सहा फूट चौरस आणि सात फूट खोल तळघर खणले. मे महिन्यात चार मित्र बोलावून सांगाडा उभा केला, आणि ४ जुलैला तो राहायला गेला. धुराडे त्यानंतर झाले, भिंतींना गिलावा त्याहूनही नंतर, थंडी पडल्यावर. आणि हो, कुऱ्हाड त्याने परत केली. घेतली होती त्याहून जास्त धार लावून.

हे वाचले तेव्हा मला हा माणूस आमच्या चाळीतला वाटला. आमच्याकडे शेजारून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत जात नसे. त्यात लाडू, नाहीतर चार शेंगा, काही नाही तर कढीपत्त्याची दोन पाने तरी पडत. रिकामी वाटी परत करणे हा आईच्या कायद्यात गुन्हा होता. या वाटीची आठवण ठेवा, वाचकहो. पुढे ती लागणार आहे.

थोरोवर माझा जीव जडला तो त्याच्या हिशेबामुळे. तत्त्वज्ञ मंडळी हिशेब देत नाहीत, हा आमच्या घरचा अनुभव आहे. माझ्याविषयी आमच्या सौ.चेही तेच मत आहे. थोरोने मात्र पै-पैचा हिशेब छापला. फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट. छपराच्या आणि बाजूच्या लाकडी चिपा ४ डॉलर. जुन्या एक हजार विटा ४ डॉलर. काचांसकट दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट. खिळे ३ डॉलर ९० सेंट. चुना, बिजागऱ्या, कडी, सगळे काही. आणि खडू १ सेंट. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. त्या वेळी हार्वर्डच्या विद्यार्थ्याला याहून थोड्याच मोठ्या खोलीचे वर्षाला ३० डॉलर भाडे पडे!

माझ्या खर्चाचा आकडा मी इथे देत नाही. आमच्या सौ. हा अंक वाचतात. एवढेच सांगतो की वेतन आयोगाच्या थकबाकीचा शेवटचा हप्ता त्यात गेला, आणि माझ्या यादीतली थोरोशी जुळणारी एकच बाब म्हणजे खडू. तो मी वर्गातून खिशात आणला होता.

त्या खडूचे असे झाले. गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी सोसायटीच्या गच्चीवर गेलो आणि फरशीवर दहा बाय पंधराचा चौकोन आखला. एका आखूड बाजूला दार, समोर कोनाडा, दोन्ही लांब बाजूंना एकेक खिडकी. मधे उभा राहून पाहू लागलो. तेवढ्यात सौ. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन वर आल्या.

“हे काय?”

“घर.”

त्या न विचारता भिंतीतून आत आल्या. “स्वयंपाक कुठे?”

“थोरो सुरुवातीला बाहेरच चूल मांडायचा.”

“आणि भांडी?”

मी गप्प. तेवढ्यात कन्या आली. ती कनिष्ठ महाविद्यालयात शिकते आणि वडिलांच्या दैवतांविषयी आधीच माहिती काढून ठेवते. म्हणाली, “आई, तो थोरो ना, अधूनमधून आईकडे जेवायला जायचा. गाव चालत जाण्याइतकं तर जवळ होतं.”

“मग बरोबर आहे,” सौ. म्हणाल्या. “आपल्या आईकडे जेवायची सोय असली की कुणालाही एकांतात राहता येतं.” आणि माझ्या पूर्वेकडच्या खिडकीत त्यांनी टॉवेल वाळत घातला.

सगळ्यांत शेवटी अण्णा आले. माझे वडील आता ऐंशीचे आहेत. उभा जन्म मुंबईच्या पोस्टात टपाल वेगळे करण्यात गेला. कुठल्याही गावाचे नाव घ्या, तालुका-जिल्ह्यासकट टपालाचा रस्ता सांगतील. त्यांनी काठीच्या टोकाने खडूच्या रेघा मोजल्या आणि विचारले, “किती माणसं राहणार?”

“एक.”

“दहा पंधरे दीडशे,” अण्णा म्हणाले. “आपली खोली एकशेसाठची होती. आपण सात होतो.”

वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली आमची खोली नियमित वाचकांना ठाऊक आहे. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या चाळींतली प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे अमेरिकेतल्या त्या जगप्रसिद्ध एकांतवासापेक्षा दहा चौरस फूट जास्तच! तिथे आईवडील, आजी, काका आणि आम्ही तीन भावंडे राहिलो. त्या खोलीतला माझा पोटमाळा तर मी या पानावर दोन-तीनदा तरी गाऊन दाखवला आहे. सहा फूट बाय चार फूट. शिडीने वर चढायचे, एक दिवा, एक उशी, पुस्तके. उठून बसले तर डोके छताला लागायचे. दहावीपासून एम.ए.पर्यंतचे माझे सगळे शिक्षण त्या फळ्यांवर झाले. ‘वॉल्डन’ही मी तिथेच वाचले. खाली आजीचा खोकला, आईचा स्टोव्ह, काकांचा रेडिओ. आणि वर मी तळ्याकाठी.

असो. मिस्त्री मिळाला तो मावळातलाच. मी त्याला थोरोच्या झोपडीचे चित्र दाखवले. १८५४ साली ‘वॉल्डन’ प्रसिद्ध झाले तेव्हा मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर झोपडीचे चित्र होते. ते थोरोच्या बहिणीने, सोफियाने काढलेले. मिस्त्रीने ते पाहिले आणि म्हणाला, “सर, चित्र छान आहे. पण पाऊस कुठून येतो ते सांगा.”

इथे माझी एम.ए.ची पदवी संपली. पाऊस वरून येतो एवढेच मला ठाऊक. त्याने मला बांधावर उभे करून शिकवले. मावळात पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. तिकडची भिंत आंधळी ठेवायची, दार पूर्वेला. छपराचे पाखे चांगले उतरते हवेत आणि वळचण भिंतीपुढे तीन फूट यायला हवी, म्हणजे पागोळ्या भिंतीला लागत नाहीत. थोरोला बर्फाची आणि थंडीची काळजी होती. आम्हाला ओलीची आणि वाळवीची. म्हणून जोते दगडाचे, दोन फूट उंच. लाकडी खांब जमिनीत पुरायचे नाहीत, दगडी तळखड्यावर उभे करायचे, जुन्या वाड्यांत असतात तसे. भिंतींना कारवीचा कूड, वर मातीचा गिलावा. छपराला मंगलोरी कौले. आणि लाकूड?

“लाकूड जुनंच घ्या,” मिस्त्री म्हणाला. “जुनं सागवान वाकायचं ते वाकून झालेलं असतं. आता ते शहाणं झालंय.”

जुन्या लाकडाची वखार शहराबाहेर होती. मी अण्णांना बरोबर नेले. त्यांना लाकडातले कळते. वाडे पडतात, चाळी पडतात, आणि त्यांची हाडे अशा वखारीत येऊन पडतात. तुळया, चौकटी, जिन्यांचे कठडे, देव्हाऱ्याचे कोनाडे. एका फळीवर कुणीतरी मुलाने खिळ्याने कोरलेला रेल्वेचा डबा होता. मिस्त्रीने हव्या त्या फळ्या आणि वासे बाजूला काढले. वखारवाल्याने किंमत सांगितली. आता घासाघीस करायची म्हणून मी घसा खाकरला, तर अण्णांनी माझा दंड धरला.

“सांगतोय ते देऊन टाक.”

मला वाटले, अण्णांना ऐकू आले नसावे. कोथिंबिरीच्या जुडीला चार दुकाने फिरणारे अण्णा! मी पुन्हा सुरू केले. “अण्णा, निम्म्यावर येईल तो.”

“म्हणूनच म्हणतो. देऊन टाक.”

आवाज असा होता की मी पैसे मोजले. वखारवाला आमच्याकडे असा पाहत होता की आपलेच काहीतरी चुकले, आणखी मागायला हवे होते.

परत येताना वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. अण्णा बराच वेळ बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, “तुझा पोटमाळा मी कुठून आणला, माहीत आहे का तुला?”

मला माहीत नव्हते. माझ्या लेखी तो पहिल्यापासून होता, छतासारखा.

“समोरच्या खोलीतला तो. साचेवाल्यांचा.”

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप कुणी जिंकला नाही आणि रीतसर मागेही घेतला नाही. तो फक्त कामगारांवरून निघून गेला. आमच्या समोरच्या खोलीतले काका साचा खात्यात होते. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला त्यांची पुसटशी आठवण आहे: पांढरा लेंगा, आणि दिवसाढवळ्या गॅलरीत बसलेला माणूस. त्याआधी दिवसा गॅलरीत बायकाच दिसत.

“वर्ष झालं संपाला,” अण्णा सांगू लागले. “आधी वहिनींच्या बांगड्या गेल्या, मग पंखा, मग मोठी भांडी. माझा पगार चालू होता, पोस्टाचा. एक तारखेला मी जिना चढताना पाय वाजू देत नसे. एक दिवस ते आले आणि म्हणाले, ‘गावी चाललो. पोटमाळा काढून देतो, घेता का? तुमच्या मुलाला होईल.’ साठ रुपये म्हणाले. सागवानी फळ्या होत्या, दोनशेच्या कुठे गेल्या नव्हत्या. मी घासाघीस केली नाही.”

“मग झालं तर, अण्णा.”

“केली नाही, पण वर दहा रुपयेही ठेवले नाहीत. साठ म्हणाले, साठ दिले. हिशेब बरोबर. दुसऱ्या दिवशी पहाटे ते परळला एस.टी. धरायला निघाले. एक ट्रंक, दोन बोचकी, दोन मुली. तुझी आई म्हणाली, जिन्यापर्यंत तरी जा. मी झोपेचं सोंग घेतलं.”

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे काही सुचले नाही. मग मला एक क्षुल्लक गोष्ट विचारावीशी वाटली. “अण्णा, त्या फळ्यांवर खालून निळ्या खडूने बेचा पाढा लिहिलेला होता. तो ताईचा ना?”

“त्यांच्या धाकटीचा. मी पुसला नाही.”

त्या रात्री मी कपाटातून ‘वॉल्डन’ काढले. आता वाचकहो, थोरोच्या हिशेबातल्या पहिल्या ओळीकडे पुन्हा पाहा: फळ्या, ८ डॉलर साडेतीन सेंट. त्यातल्या बहुतेक फळ्या कुठल्या? तर जेम्स कॉलिन्स नावाचा एक आयरिश मजूर तिथल्या रेल्वेवर काम करत असे. त्याची झोपडी थोरोने विकत घेतली, फळ्यांसाठी. किंमत ४ डॉलर २५ सेंट. अट अशी की पैसे आज रात्री द्यायचे आणि कॉलिन्सने उद्या पहाटे पाचला जागा सोडायची. सहा वाजता थोरोला ते कुटुंब रस्त्यात भेटले. एका मोठ्या गाठोड्यात त्यांचा सगळा संसार होता: अंथरूण, कॉफी दळायचे यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढी मागे राहिली, रानात शिरली, आणि पुढे एका सापळ्यात सापडून मेली. थोरोने झोपडी मोडली, फळ्या गाडीतून तळ्याकाठी नेल्या आणि वाक जावा म्हणून गवतावर उन्हात पसरल्या.

हे सगळे मी वीसेक वेळा तरी वाचले होते. माझ्या प्रतीत शेजारच्या कुऱ्हाडीच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे, हिशेबाखाली रेघ आहे. कॉलिन्सच्या गाठोड्याखाली मात्र काही नाही. आणि गंमत पाहा, हे मी वाचत होतो ते एका कॉलिन्सच्याच फळ्यांवर आडवा होऊन.

थोरोने काही वाईट केले असे मला म्हणायचे नाही. किंमत ठरली होती, ती त्याने दिली. अण्णांनीही दिली. पण एक श्रेय थोरोला द्यायला हवे. ते गाठोडे त्याने लिहून ठेवले. हव्या त्या गोष्टी मोजून पाहण्याची त्याला खोडच होती. वॉल्डन तळ्याला तळ नाही असे गावातले लोक म्हणत. याने १८४६ च्या आरंभी गोठलेल्या तळ्यावर भोके पाडली, दोरीला दगड बांधून सोडला आणि सांगितले, तळ आहे, १०२ फुटांवर. मी माझ्या पोटमाळ्याचे गोडवे तुमच्यापुढे इतक्या वेळा गायले. पण तो किती खोल आहे हे एकदाही मोजले नाही. मला तो दारिद्र्यातला काव्यमय कोपरा वाटत होता. त्याच्याखाली दुसऱ्याचे रिकामे घर होते.

खोली मे महिन्यात पुरी झाली. अण्णा रोज यायचे म्हणायचे. आठवड्यातून दोनदा मी नेत असे. बांबूच्या मोड्यावर बसून ते मिस्त्रीला सूचना देत आणि मिस्त्री त्यातल्या निम्म्या ऐकत असे. आढे चढले त्या दिवशी सौ.नी नारळ वाढवला आणि गच्चीवरचे सगळे विसरून म्हणाल्या, “हवा छान येते हो.” कन्येने वहीत घराचे चित्र काढले, सोफियासारखे. पहिल्या पावसात पश्चिमेकडच्या भिंतीला थेंब लागला नाही. मिस्त्रीने फोनवर विचारले, “काय सर, पुस्तकवाल्याची गळत होती का?” मी म्हटले, त्याविषयी त्याने मला काही कळवलेले नाही.

आता मी महिन्यातून दोन शनिवार तिथे जातो. एकांत म्हणाल तर जेमतेम मिळतो. सौ. येतात, कन्या मैत्रिणींना आणते, चिरंजीव पाण्यात दगड मारतात. थोरोकडेही पाहुणे पुष्कळ येत. त्याच्या झोपडीत तीन खुर्च्या होत्या. म्हणून मीही तीनच आणल्या आणि बाकीच्यांना जोत्यावर बसवतो. तळ्याकाठी तो दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस राहिला. ६ सप्टेंबर १८४७ ला गावात परतला. भावाबरोबरच्या प्रवासाचे पुस्तक त्याने तिथेच लिहून काढले. ते १८४९ साली निघाले आणि खपलेच नाही. हजारांतल्या ७०६ प्रती प्रकाशकाने १८५३ साली त्याच्या घरी आणून टाकल्या. मराठीतल्या लेखकाला यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

आणि त्या झोपडीचे काय झाले? ती विकली गेली, दुसऱ्या शेतावर हलवली गेली, तिथे धान्य ठेवायला वापरली आणि पुढे मोडली. तिचे लाकूड पुन्हा कुणाच्या तरी कामी आले. १९४५ साली, बरोबर शंभर वर्षांनी, रोलंड रॉबिन्स नावाच्या हौशी संशोधकाने खणून तिच्या धुराड्याचा पाया शोधून काढला, म्हणून जागा तरी नक्की कळली. कॉलिन्सच्या फळ्या थोरोकडे, थोरोच्या पुढे गोठ्या-कोठारांकडे. लाकूड एका घरी राहत नाही; माणसेच समजतात की घर आपले आहे. आमची चाळ सोडताना पोटमाळा आम्ही तिथेच ठेवला. तोही आता कुठल्या तरी वखारीत शहाणा होऊन पडला असेल.

वास्तुशांतीसारखे काही करायचे नाही असे ठरले होते. पण दसऱ्याच्या आधी अण्णांनी माझ्याकडे पोस्टकार्ड मागितले. मी म्हटले, “आता कार्ड कोण लिहितो? कुणाला कळवायचंय?” त्यांनी उत्तर दिले नाही. कार्ड आणून दिल्यावर ते खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीशी बसले, मांडीवर फळीचा तुकडा घेतला आणि सावकाश लिहिले. नाव, मग मुक्काम पोस्ट, तालुका पाटण, जिल्हा सातारा. बेचाळीस वर्षांत पत्ता एका अक्षराने विसरले नव्हते, पिन कोडसुद्धा.

मजकूर त्यांनी मला वाचू दिला. मुलाने तळ्याकाठी लहानशी खोली बांधली आहे. दिवाळीनंतर येऊन जावे. वहिनींना नमस्कार. मुलींना आशीर्वाद. त्यांच्या खाली रेघ ओढून एक ओळ होती: “तुमची वाटी आमच्याकडे राहिली आहे, ती द्यायची आहे.”

“कुठली वाटी?” कन्येने विचारले.

“आहे एक,” अण्णा म्हणाले.

पत्र टाकून तीन आठवडे झाले. काका हयात असतील का, गावात असतील का, कुणास ठाऊक. उत्तर आलेले नाही. रोज दुपारी अण्णा सोसायटीच्या फाटकाशी जाऊन उभे राहतात आणि परत येतात. परवा मला राहवले नाही. म्हटले, “अण्णा, फार वाट पाहू नका.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी टपालखात्याचा अपमान केला आहे.

“अरे, पत्र परत आलंय का?”

“नाही.”

“मग झालं तर. परत आलं नाही, म्हणजे कुणाच्या तरी हातात पडलंय.”

तळ्याकाठच्या खोलीत तिसरी खुर्ची मी सध्या भिंतीशी ठेवली आहे. तिच्यावर कुणी पुस्तके ठेवली की अण्णा उठून ती उचलतात आणि खाली ठेवतात.